गालाला कळतं

आमच्या मामंजींना ओलं-कोरडं हातानं कळत नसे. उभा जन्म मालवाहू बोटींवर दोर ओढण्यात गेलेला. तळहात असे घट्टे पडलेले की चुलीतला निखारा बोटांनी उचलून विडी पेटवत आणि वर म्हणत, "गरम आहे वाटतं जरा." म्हणून ते सगळं गालाला लावून बघायचे. धोतर गालाला, गोधडी गालाला, सुकत घातलेल्या गवऱ्यासुद्धा गालाला. मी लग्न होऊन रत्नागिरीला आले त्या आठवड्यातच पडवीतल्या दोरीवरच्या माझ्या नव्या साडीला हा माणूस गाल टेकून, डोळे मिटून उभा दिसला. मी घाबरून सासूबाईंकडे धावले. त्या नारळ खवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सुकली का विचार. म्हणजे घडी घालू."

बोटीवरच्या खलाशांचा जो मुकादम, त्याला सारंग म्हणतात. मामंजी रिटायर होऊन घरी बसले, तरी आळीत त्यांचं नाव सारंगच राहिलं. घरही ते बोटीसारखंच चालवत. पागोळीचं पाणी कुठे पडतं, कुठलं कौल सरकलंय, कुठल्या भिंतीला ओल धरलीय, याची रोज पाहणी. ओल म्हणजे त्यांचा वैरी. त्याला कारण होतं. त्यांचा धाकटा भाऊ वसंता त्यांच्याच हाताखाली बोटीवर होता. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड दर्यात, वादळी रात्री डेकवर काम करून आला तो गारठलेला, आणि न्यूमोनियानं गेला. कोणी सहज म्हणालं, "तुमचा भाऊ दर्यात बुडाला ना?" तर मामंजी शांतपणे दुरुस्त करत. "बुडून नाही गेला. भिजून गेला." आणि मग ठरलेलं पुढचं वाक्य, "मी स्वतः त्याला रेनकोट घातला होता. गळ्यापर्यंत बटणं लावली, मनगटं बांधली, कमरेला दोरी आवळली. तरी दर्या आत शिरला." हे सांगताना ते कुणाकडे बघत नसत.

आता माझ्याकडे या. तेव्हा मी मुलींच्या शाळेत कवायतीची बाई होते. आमचे हे मुंबईला नोकरीत, सणासुदीला येणार. मी मोकळी. देवरूखच्या डोंगरवेड्या मंडळींबरोबर सुट्टीच्या दिवशी किल्ले चढायची आणि स्वतःला फार मोठी समजायची. दोन-चार कडे दोराला लटकून काय उतरले, माझी मान अशी ताठ, की शाळेचा जिनासुद्धा मी शिखर सर केल्यासारखा चढत असे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या मंडळींची हिमालयातल्या एका शिखरावर मोहीम ठरली आणि त्यांनी मला निवडलं. सासूबाई म्हणाल्या, "डोंगरच चढायचा तर आंजर्ल्याला जा. कड्यावर गणपती तरी भेटेल. तिकडे बर्फात कोण बसलाय तुझा?"

मामंजींनी दोरीवरची गोधडी गालाला लावून पाहिली. मग म्हणाले, "जाऊ दे तिला. पण अंगावरचं जाकीट मी बघणार. आत थेंब शिरता नये. नाहीतर पाऊल उचलायचं नाही."

रत्नागिरीच्या बाजारात तेव्हा रेनकोट मिळत, ते छत्री विसरलेल्या माणसासाठी. बर्फातलं जाकीट कुठलं मिळायला! मामंजींना कळलं, की राजापूरला बोटीवरचा एक माणूस रजेवर आलाय आणि त्यानं परदेशातून दोन जाकिटं आणलीत. निघालो एस्टीनं. त्या घरात गेल्यावर मला पहिलंच दिसलं ते लाल जाकीट. पातळ, झुळझुळीत, खिशाला चकचकीत चेन. मी ते घालून कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले ती हलेचना. मनात शिखरावरचा फोटोसुद्धा काढून झाला, मागे बर्फ, पुढे मी, लाल. दुसरं जाकीट मातकट, जाड, गोणपाटाचा थोरला भाऊ शोभेल असं. मी त्याच्याकडे पाठ केली.

मामंजींनी दोन्ही उचलली आणि सरळ विहिरीवर गेले. जाकीट उलटं करून त्याच्या बाह्या सुतळीनं बांधल्या, गळा आवळला, आत रहाटाचं पाणी भरलं आणि दांडीला टांगलं. घरची बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो सारंग, जाकीट आहे का कळशी?"

"बोट पाण्यात टाकल्याशिवाय कळते का गो?" मामंजी म्हणाले आणि खाली बसून राहिले. लाल जाकीट थोड्याच वेळात खांद्याच्या शिवणीतून रडायला लागलं. मीही. मातकट मात्र गच्च. मामंजींनी सगळ्या शिवणींना गाल लावला. कोरडं. फक्त दोन्ही काखांत बारीक भोकं होती, पितळी कड्या बसवलेली, तिथून पाणी पडत होतं.

"कापड बोटीसारखं आहे," ते खूष होऊन म्हणाले. "ही भोकं तेवढी कोणी मूर्खानं ठेवलीत. ती मी बघतो."

परतताना एस्टीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी विचारलं, "रागावलीस?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "लाल रंगाचं कुंकू लाव वर. तेवढं दिसेल फोटोत."

घरी आल्यावर त्यांनी ओळखीच्या होडीवाल्याकडून राळ आणली. होडीच्या फळ्यांमधल्या फटी कापूस आणि राळ ठासून बुजवतात, तशी त्यांनी ती भोकं बुजवली. एकेका भोकाला अर्धी दुपार. मग पुन्हा पाणी भरलं. थेंब पडला नाही. सासूबाईंना हाक मारून दाखवलं, शेजाऱ्यांना दाखवलं. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

हिमालयात काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही. बाहेरून बर्फ पडला, वारा आला, जाकिटानं एक थेंब आत घेतला नाही. पण मी ओझं घेऊन चढत होते. घाम येत होता आणि त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. वरच्या तळावर पोचले तेव्हा आतला सदरा पिळून काढण्यासारखा, आणि थांबल्याबरोबर दात वाजायला लागले. आमचे म्होरके जाकीट चाचपून ओरडले, "अगं, ही घाम जायची भोकं! कोणी बुजवली? दे, चाकूनं काढतो."

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. "मामंजींनी बुजवलीत."

त्यांनी कपाळावर हात मारला आणि मला खाली पाठवलं. शिखर अजून तिथंच आहे म्हणतात. मी अधूनमधून चौकशी करते.

येताना वाटेत जाकीट दोन वेळा उन्हात घातलं. कडकडीत वाळलं. घरात पाऊल टाकल्याबरोबर मामंजींनी विचारलं, "थेंब?"

"एकसुद्धा नाही," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

पण कोकणातली हवा ती. रात्रभर खुंटीवर राहिलं, आणि मिठाच्या बरणीला पाणी सुटावं तसं अस्तराला सुटलं. सकाळी मामंजी गाल लावून उभे. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "आतून ओलं आहे." मग त्यांनी अस्तरावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"मीठ आहे," ते म्हणाले. "बर्फ खारट असतो का गो?"

मी कपबशी धरून उभी. ते काखेतल्या राळेवर अंगठा फिरवत होते. फिरवता फिरवता थांबले.

"वसंताचा सदरा पण खारट होता," ते म्हणाले. "आतला. मी समजलो, दर्याचं मीठ."

"दर्याचंच असणार, मामंजी. वादळात लाटा येतात त्या गळ्यातून..."

"गळ्यापर्यंत बटणं मीच लावलेली."

"तरी पण..."

"असेल," ते म्हणाले. माझ्या समाधानासाठी म्हणाले, हे मलासुद्धा कळलं. चहा निवला. त्यांनी खुर्ची उंबऱ्याशी घेतली, बोटीवरचा जुना चाकू काढला आणि राळ उकरायला बसले. बुजवली होती त्याहून सावकाश उकरली. पितळी कड्या घासून लख्ख केल्या. सासूबाई जेवायला बोलवून थकल्या.

त्यानंतर वसंताकाकांची गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही. कोणी म्हणालं, "भाऊ दर्यात बुडाला ना?" तर मान हलवून "हो" म्हणत. ते "हो" ऐकलं की सासूबाई आत निघून जायच्या.

मी पुढे त्याच जाकिटात दोन शिखरं चढले. दोन्ही वेळा निघताना त्यांनी जाकिटाची भोकं फुंकून पाहिली, वारा जातोय ना म्हणून. आल्यावर अस्तराला गाल लावला. "कोरडं," म्हणाले, आणि जाकीट खुंटीला लावताना त्यावरून असा हात फिरवला, जसा माणसाच्या पाठीवरून फिरवतात.

मग एका पावसाळ्यात ते अंथरुणाला खिळले. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी मला बाहेर ओसरीवर बोलावून सांगायचं ते सांगितलं. मी पागोळीखाली तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि हसत आत गेले. कवायतीची बाई ना मी! सावधान म्हटलं की डोळ्यांनीसुद्धा सावधान उभं राहायचं, असा माझा समज.

मामंजींनी खुणेनं जवळ बोलावलं. मी वाकले. त्यांनी गाल माझ्या गालाला टेकवला, दोरीवरच्या साडीला टेकवत तसा, डोळे मिटून.

"ओली आहेस," म्हणाले.

"पाऊस लागला, मामंजी."

त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. मग तो घट्टे पडलेला, काहीच न कळणारा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"बुजवू नको, बाय," म्हणाले. "येऊ दे बाहेर."