एक लाल कमी

बालवर्गाच्या बाईंना घरी 'जराबाई' म्हणतात, आणि हे नाव ठेवणारा दुसरातिसरा कोणी नाही, खुद्द नवराच. त्याचं तरी काय चुकलं? एकदा म्हणाला, "चहात जरा साखर घाल गं." बाई चमचा धरून उभ्याच. "जरा म्हणजे किती?" चहा निवला, नवरा तापला.

खोड वर्गातली. बाई एवढ्याएवढ्या पोरांना कोडिंग शिकवतात, तेही स्क्रीनला हात न लावता. लाल ठोकळा म्हणजे एक पाऊल पुढे, निळा म्हणजे उजवीकडे वळ, पिवळा म्हणजे वाकून उचल. पोरं ठोकळे ओळीने जोडतात, बाई यंत्र होतात आणि ठोकळे सांगतील तेवढंच करतात. ओळ चुकली की बाई सरळ कपाटावर जाऊन आदळतात. मग पोरं खिदळत ओळ तपासतात आणि चूक हुडकून काढतात. बाईंचा सगळा जीव त्या हुडकण्यात.

पालकांना मात्र हा शुद्ध पोरखेळ वाटे. शेवटी मुख्याध्यापिका म्हणाल्या, "शनिवारी पालक बघायला येतील. त्यांना पटलं तर वर्ग राहील, नाहीतर टॅब आणू."

शनिवारी आईबाप बुटक्या खुर्च्यांत गुडघे पोटाशी घेऊन बसले. समोर ठेवलेला चेंडू उचलायची ओळ पोरांनी रचली, बाई निघाल्या आणि चेंडूच्या एक पाऊल अलीकडे वाकून त्यांनी हवाच उचलली. वर्गातल्या वकिलीणबाई, वय वर्षं पाच, ओळीकडे धावल्या. बाई मनात म्हणाल्या, आता बघा माझी पोरं.

तेवढ्यात वकिलीणबाईंच्या मातोश्री उठल्या. "एवढंच ना?" म्हणत त्यांनी चेंडू पायाने बाईंच्या हाताखाली सारला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पण एक लाल कमी आहे," वकिलीणबाई म्हणाल्या.

"असू दे गं राणी, मिळाला ना चेंडू."

बाई वाकलेल्याच. बोलावं, तर मुख्याध्यापिकासुद्धा टाळ्या वाजवत होत्या. बाईंनी चेंडू उचलला.

वर्ग राहिला. "पालक खूश आहेत," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "फक्त पुढच्या वेळी आधी तालीम घ्या. चूक दिसायला नको."

सोमवारी बाई पुन्हा यंत्र झाल्या आणि पुन्हा हवेत वाकल्या. वकिलीणबाई आल्या, चेंडू बुटाने बाईंच्या हाताखाली ढकलला आणि सगळा वर्ग टाळ्या पिटू लागला.

"अरे, ओळ तपासा ना," बाई वाकूनच म्हणाल्या.

कोणाला तहान लागली, कोणाला शू. बघता बघता खोली रिकामी झाली. बाई ओळीपाशी बसल्या, चुकलेली जागा शोधली आणि तिथे एक लाल ठोकळा स्वतःच जोडला. बघायला कोणी नव्हतं.