चार नंबरचा कागद

खोटं मी आयुष्यात बरंच बोलले असेन, पण ज्याची भीती अजून पोटात आहे असं खोटं एकच. तेही टापटिपीच्या हौसेपायी केलेलं.

मिल बंद पडली आणि आमचे हे शेती बघायला गावाला गेले, ते तिकडेच राहिले. मी विक्रोळीला कपड्यांचे रंग बनवणाऱ्या कारखान्यात पॅकिंगला लागले. आमची चाळ कारखान्याला चिकटून, मधे फक्त भिंत. काळा रंग शिजायला लागला की सडक्या अंड्यासारखा वास सुटायचा. तो वायू तसाच वर सोडत नसत. आधी एका उंच टाकीत नेऊन त्याच्यावर औषधाच्या पाण्याचे फवारे मारत आणि मग चिमणीला लावत. त्या टाकीला स्क्रबर म्हणायचे. मी म्हणायची, धुराला आंघोळ घालतात.

भोपाळचं झालं आणि चाळ त्या चिमणीकडे साप बघावा तशी बघायला लागली. कुणाला नुसता ठसका लागला तरी चार दारं उघडायची. मग कारखान्याने भिंतीलगत सहा खांब रोवले. प्रत्येक खांबावर एक लाकडी पेटी, आणि पेटीत शिशाच्या पाण्यात भिजवून वाळवलेली कागदाची पट्टी. वायू लागला की पट्टी तपकिरी व्हायची, जास्त लागला की काळी. रोज सकाळी पट्ट्या बदलायच्या, काढलेल्या वहीत चिकटवायच्या आणि खाली खांबाचा नंबर लिहायचा, हे काम माझ्याकडे आलं. शाळा मी पाहिलेली नाही. आकडे लेकीच्या पाटीवरून शिकले होते, ते असे कामाला आले.

लॅबमधल्या केमिस्ट बाई मुलुंडहून यायच्या. वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण बोलण्यात मास्तरीण. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मावशी, पट्टीला हात लागला की साबणाने धुवायचा. जुनी पट्टी कुठे फेकायची नाही. आणि एक पक्कं ध्यानात ठेवा. वास येतोय तोवर माणूस सावध असतो. यायचा थांबला म्हणजे हवा साफ झाली असं समजू नका. हा वायू नाकच बधिर करतो."

"बाई, आमचं नाक या चाळीत कधीच बधिर झालंय," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

त्या वर्षी लेक पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. आठवा सरत आलेला. आमच्या खोलीची खिडकी भिंतीकडे, आणि भिंतीपलीकडे बरोबर चार नंबरचा खांब.

एका संध्याकाळी सुपरवायझर म्हणाला, "मावशी, उद्या प्रदूषण बोर्डाचे साहेब येणार. सगळं चकाचक पाहिजे हां!"

आता चकाचक म्हटल्यावर मी ऐकणार होय? सकाळी लवकर गेले. लॅबची फरशी पुसली, कपबश्या घासल्या, मग पट्ट्या काढायला निघाले. एक, दोन, तीन, नुसत्या पिवळट. चारची पेटी उघडली तर पट्टी चहाच्या चोथ्यासारखी काळी! मनात काय आलं सांगू? पाहुणे यायचे आणि घरात मळकी चादर. बस, एवढंच आलं. पट्टी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचली आणि वहीत कोरी पट्टी चिकटवून खाली चारचा आकडा काढला. सुबक दिसलं पान. देवाशपथ, मला बरं वाटलं.

दुपारी लेकीला वाढायला घरी गेले. ती खिडकीशी बसली होती, कपाळाला हात लावून.

"डोकं दुखतंय गं आई," म्हणाली. "पण आज वास नाय येत बघ. सकाळी एवढा होता की मळमळत होतं. आता एकदम गेला."

मी आत्ताच बाहेरून आले होते. माझ्या नाकात तो वास भरलेला होता.

हातातला भात तसाच राहिला. "ऊठ," म्हटलं. "काय झालं?" ती म्हणाली. "ऊठ म्हणते ना! पदर नाकाला लाव." शेजारणीला हाका मारल्या, दोघींनी तिला धरून रस्त्यापलीकडे शाळेच्या ओट्यावर नेलं. तिथून मी कारखान्यात पळाले. त्या वयात, साडी वर खोचून. पळताना एकच डोक्यात होतं. पोटातलं ते बाळ कुठलं नाक घेऊन बसलंय?

लॅबमध्ये साहेब लोक वही चाळत होते. सुपरवायझर दारात आडवा आला. "मावशी, कप नंतर ने."

मी त्याच्या हाताखालून आत घुसले आणि कमरेची पिशवी टेबलावर ठेवली. "ही चार नंबरची. वहीतली खोटी आहे."

बाईंचा चेहरा उतरला. पट्टी बघितली आणि त्या स्क्रबरकडे धावल्या. बोर्डाच्या साहेबाने मला विचारलं, "बदलायला कोणी सांगितलं?" सुपरवायझर पांढराफटक.

"कोणी नाही साहेब. पाहुणे येणार म्हणून मीच."

तेही हसले नाहीत. नुसतं माझ्याकडे बघत राहिले. ते बघणं मी विसरले नाही.

स्क्रबरचे निम्मे फवारे क्षार साचून बुजले होते. धुराला आंघोळ नव्हतीच, नुसतं पाणी शिंपडणं चाललं होतं. रंगाची भट्टी त्याच दुपारी बंद झाली आणि फवारे बदलून, साहेबांनी पुन्हा तपासून जाईपर्यंत बंदच राहिली. "वाट लावलीस मावशी," सुपरवायझर म्हणाला, पण हळू आवाजात. मला वाटलं, नोकरी गेली. गेली नाही. बाई म्हणाल्या, "तुम्ही ती पट्टी ठेवलीत म्हणून कळलं. फेकली असतीत तर?"

फेकली असती तर. हे तीन शब्द घेऊन मी पुढचा महिना काढला. रोज लेकीच्या पोटाला हात लावून बसायची, हललं का म्हणून. न्हाणीघरात ती जरा जास्त वेळ राहिली तरी दार वाजवायची. नातू झाला आणि दवाखाना डोक्यावर घेऊन रडला, तेव्हा कुठे मी पोटभर जेवले.

भट्टी नातू व्हायच्या आधीच पुन्हा सुरू झाली होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी चारच्या पेटीपुढे मी कितीतरी वेळ नुसती उभी होते. झाकणाला हातच लागेना. शेवटी उघडली. पट्टी फिकट तपकिरी होती. तशीच चिकटवली, डागासकट, आणि संध्याकाळी लेक खिडकीशी बसायला गेली तेव्हा तिला पहिलं विचारलं, "वास येतोय का गं?"

"येतोय थोडा," ती म्हणाली.

"बरं झालं," म्हटलं, आणि खिडकी लावून घेतली.