थंड पायाला बिब्ब्याचा डाग

मंडळी, पळसदरीच्या आमच्या बाळूकाकांच्या पायातल्या नसा चुन्यासारख्या कडक झाल्यात, हे मुंबईच्या डॉक्टरांनी आज दुपारी पक्कं सांगितलं. मांडीतून बारीक नळी घालून, तिच्या टोकाचा फुगा फुगवून नस उघडायची, असा हा नवा उपचार आहे.

डॉक्टरांनी पायाची पट्टी सोडली. पोटरीवर बिब्बा तापवून दिलेले डाग, त्यांत पू आणि वर थापलेलं शेण.

"हे कुणी केलं?" डॉक्टर ओरडले.

"मीच," काकांचा मेहुणा दामू म्हणाला. "पाय गार पडला व्हता. ऊब नको द्यायला?"

"अहो, रक्तच पोचत नाही तिथे जखम भरेल कशी?"

बाहेर येताच दामू मला म्हणतो, "फुगा नाय चालला तर पिशवीत बिब्बा हाय रं!" किळस आली मला.

फुगा उद्या सकाळी घालतील. रक्त उतरलं तर पाय राहील, नाहीतर गुडघ्याखाली कापतील. तोवर दामूची पिशवी माझ्याकडे आहे.