सॅन होजेतलं परकं श्राद्ध

मुलांनी माझी परीक्षा घ्यायचं ठरवलं तेव्हा मी त्र्याहत्तर वर्षांची होते. खरं सांगायचं तर मुलांनी नाही, ती कल्पना माझीच. स्वतःच्याच घरासाठी स्वतःच पेपर काढून स्वतःच बाकावर जाऊन बसले. हुशारी म्हणतात ती हीच.

झालं होतं असं. डोळ्यांच्या तपासणीत मी नापास झाले आणि ड्रायव्हिंग लायसन्स गेलं. त्याचं मला फारसं वाटलं नाही, कारण सनीव्हेलचं माझं वरच्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर आहे. आमचे हे गेल्यापासून सहा वर्षं मी तिथे एकटी राहते आणि मजेत राहते. पण मग एका बुधवारी परतताना मी सनीव्हेलला न थांबणाऱ्या गाडीत बसले आणि पार रेडवुड सिटीला उतरले. फोनची बॅटरी संपलेली. मुलगी क्युपर्टिनोहून गाडी काढून एकेका स्टेशनवर मला शोधत फिरली. मी सापडले तेव्हा बाकावर बसून सफरचंद खात होते. त्या सफरचंदाचा तिला फार राग आला.

त्या रात्री विमानाने पाच तासांवरच्या मॉरिसव्हिलहून मुलाचा फोन. "आई, खालच्या मजल्यावर तुझी रूम रेडी आहे. अटॅच्ड बाथरूम. तू फक्त बॅग भर."

ती खोली मी पाहिलेली आहे. छान आहे. पण त्या घरातून साधी कोथिंबीर आणायची तरी गाडी काढावी लागते. तिथे मी म्हणजे घरात आणून ठेवलेली चांगली कुंडी. वेळेवर पाणी घालतील, उन्हात ठेवतील, पण हलायचं झालं तर कुणीतरी उचलायला हवं.

म्हणून मी म्हटलं, "एक दिवस. मी एकटी, ट्रेनने. तीन ठिकाणं पाहून दुपारी चारच्या आत घरी. कुणाला मदतीला बोलावलं, टॅक्सी केली किंवा चार वाजून गेले, तर मी मॉरिसव्हिलला येते."

"आणि वेळेवर आलीस तर?" मुलीने विचारलं.

"तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"डील," स्पीकरवरून मुलगा म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला, की मी हरणारच याची त्याला खात्री आहे, हे तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"पण जाणार कुठे?" मुलीने विचारलं.

"जपानी देवळं बघायला."

मुलीने माझ्याकडे, डॉक्टरला फोन करावा का, अशा नजरेने पाहिलं. "आई, आपलं मंदिर आहे की इथे. मी ड्रॉप करते ना."

"आपल्या मंदिरात मला चाळीस बायका ओळखतात. काकू, एकट्याच आलात? काकू, मी सोडू का? तिथे कसली परीक्षा!"

हे कारण खरं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं ओसाकाचं. लग्नानंतर पाचव्या वर्षी यांच्या कंपनीने यांना तीन महिन्यांसाठी तिकडे पाठवलं आणि मीही गेले. आमची खोली चौथ्या मजल्यावर, आणि रस्त्याच्या पलीकडे लाल कमानीचं देऊळ. रस्ता ओलांडला की देऊळ. ते मी तीन महिने खिडकीतून पाहिलं. एकटीने खाली उतरावं, सिग्नलपाशी उभं राहावं, हिरवा झाला की चालू लागावं, हे तेव्हाच्या त्या बाईला, म्हणजे मला, कधी सुचलं नाही. रविवारी हे नेतील, म्हणायची. रविवारी हे झोपत. निघायच्या आदल्या रविवारी एकदाचे गेलो, तर दाराशी हात धुवायला ठेवलेलं पाणी तिने उजव्या तळहातावर घेऊन तीर्थ म्हणून पिऊन टाकलं आणि ओला हात भक्तिभावाने डोक्यावरून फिरवला. शेजारचे आजोबा हातातली पळी तशीच धरून बघत राहिले. पुण्याला बहिणीला पत्र काय लिहिलं? 'जपान अगदी जवळून पाहिला.' मला ती आज भेटली तर हाताला धरून रस्त्याच्या पलीकडे सोडेन, आणि परत यायचं तिचं तिला बघू देईन.

तर शनिवारी सकाळी निघाले. डब्यात मेथीचे ठेपले, पर्समध्ये दोन चार्जर, अंगात काळा कुडता आणि वर काळा स्वेटर, कारण गाडीत एसी फार असतो. या काळ्या रंगाने पुढे काय गोंधळ केला ते सांगतेच.

आधी उत्तरेला सॅन मटेओ. तिथलं बौद्ध मंदिर स्टेशनपासून जवळच. साधी बसकी इमारत, अंगणात छाटून छाटून शिस्तीत वाढवलेला पाइन. दार बंद. मी बाहेरूनच हात जोडले. बंद दाराबाहेरून दर्शन घ्यायची आपल्याला सवय असतेच. मुलीला फोटो पाठवला, 'एक झालं.' तिचा अंगठा आला. नुसता अंगठा, शब्द नाही.

मग उलटी गाडी पकडून थेट सॅन होजे आणि तिथून लाइट रेलच्या ट्रामने जपानटाउन. दुसरं ठिकाण शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या वळणाचं, बाहेरून कुणाचंही घर वाटावं असं. झाडू मारणाऱ्या गृहस्थांनी बूट काढायला सांगून आत नेलं. मूर्ती नव्हती. लाकडी चौथऱ्यावर फळं, मीठ, तांदूळ आणि एक उंच बाटली.

"राइस वाइन," माझी नजर पाहून ते म्हणाले, जरा संकोचून.

"चालतं," मी म्हटलं. "आमच्याकडे भैरोबालाही चालते."

भैरोबा कोण हे त्यांना सांगण्यात वीस मिनिटं गेली. ती गेली नसती तर पुढचं काही घडलंच नसतं.

तिसरं मंदिर दोन गल्ल्या पलीकडे. हे मात्र खरं देखणं, पंख पसरल्यासारख्या काळ्या छपराचं. एक वाजायला आला होता. हिशोब असा, की अडीचची लाइट रेल मिळाली तर चारला दहा कमी असताना घरी. दार उघडं होतं, माणसं आत जात होती. दाराशी सुटातल्या एका आजोबांनी मला वाकून नमस्कार केला, हातात छापील कागद दिला आणि पुढची जागा दाखवली. काय अगत्य आहे, असं म्हणत मी तिसऱ्या रांगेत जाऊन बसले.

घंटा वाजली, पठण सुरू झालं. सोनेरी देव्हाऱ्याकडे मनसोक्त पाहून झाल्यावर माझं लक्ष बाजूच्या फोटोकडे गेलं. हसणाऱ्या म्हाताऱ्या बाई, डोक्यावर मासे पकडायला जाताना घालतात तसली हॅट. फोटोपुढे फुलं. मी आजूबाजूला पाहिलं. सगळे काळ्या कपड्यांत. मी माझ्याकडे पाहिलं.

बाईंचं वर्षश्राद्ध होतं आणि मी तिसऱ्या रांगेत.

ओसाकाची बाई असती तर पदर सावरत, खोकल्याची उबळ आल्यासारखं करत सटकली असती. पण एकेका रांगेतली माणसं उठून पुढे जाऊ लागली होती आणि माझी रांग आलीच. मीही गेले. पुढच्यांनी जे केलं ते नीट पाहून घेतलं. वाटीतली धुपाची पूड चिमूटभर घ्यायची, निखाऱ्यावर सोडायची, हात जोडायचे, वाकायचं. सगळं बिनचूक केलं. आणि मग माझा उजवा हात, मला न विचारता, वर गेला आणि बोटाला चिकटलेली पूड त्याने अंगारा म्हणून कपाळाला लावली.

चाळीस वर्षांत एवढीच प्रगती. तेव्हा प्यायले, आता लावला.

बाहेर पडताना दाराशी साठीची एक बाई सगळ्यांचे आभार मानत उभी होती. फोटोतल्या बाईंची मुलगी. तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही आईच्या फिशिंग ग्रुपमधल्या का?"

हो म्हटलं असतं तर सुटले असते. "नाही हो," मी म्हटलं. "मी तुमच्या आईंना ओळखतच नाही. देऊळ बघायला आले आणि बसले. चुकलंच माझं."

तिने मिनिटभर मला न्याहाळलं आणि फस्सकन हसली. "मग जेवून जा. माझा भाचा आला नाही, एक बेंटो-डबा जास्त आहे."

घड्याळात दोनला पाच कमी. पंधरा मिनिटांत खाऊन निघू, असा मी विचार केला. शिवाय श्राद्धाच्या जेवणाला नाही कसं म्हणायचं? मागच्या हॉलमध्ये लांब टेबलं मांडली होती. मी मांस खात नाही म्हटल्यावर शेजारच्या आजीबाईंनी माझ्या डब्यातलं चिकन बिनदिक्कत स्वतःच्या डब्यात घेतलं आणि त्यांच्या डब्यातल्या, तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेल्या गोडसर भाताच्या दोन वड्या मला दिल्या. पहिला घास घेतला आणि समोरून कुणीतरी उठून बोलायला लागलं. टेबलाभोवती प्रत्येकाने बाईंची एक आठवण सांगायची, अशी पद्धत होती. माणसं चोवीस.

सव्वादोन. कुणीतरी सांगितलं, बाई मासा निसटला की माशाला जपानीत आणि जाळ्याला इंग्रजीत शिव्या देत. अडीच. माझी लाइट रेल गेली. पुढची पकडली तरी चारच्या आत पोचणं कठीणच, पण धावत सुटले असते तर थोडी आशा होती. मी पर्स खांद्याला लावली आणि डब्याकडे पाहिलं. अर्धा भात, लोणचं, एक वडी.

श्राद्धाच्या पानावरून अर्धवट उठायचं नाही, हे मला कुणी शिकवलं तेही आठवत नाही. ते अंगातच आहे. आमच्या यांच्या श्राद्धाला जेवायला आलेल्यांपैकी कुणी घास टाकून उठलं असतं, तर मी त्याला जन्मभर लक्षात ठेवलं असतं. आणि त्या वडीसाठी मी घर घालवायला निघाले होते. घाबरले, खोटं कशाला सांगू. माझी खिडकी, माझी गॅसची शेगडी, स्टेशनची सात मिनिटं, सगळं त्या डब्यात दिसायला लागलं.

मी पर्स खाली ठेवली आणि जेवले.

पावणेतीनला फोन थरथरला. मुलगी. मी टेबलाखाली वाकून घेतला.

"आई, मॅपवर तुझा डॉट दीड तास हललेला नाही. आर यू ओके?"

"जेवतेय."

"कुठे?"

"श्राद्धाला."

"कोणाच्या?"

"माहीत नाही."

पलीकडे गाडीची किल्ली वाजली. "आई, मी निघू का?"

"अजिबात नाही. माझी बोलायची पाळी आलीय." आणि फोन ठेवला.

खरंच आली होती. चोवीस माणसं माझ्या कपाळाकडे बघत होती. मी उभी राहिले. "मी यांना कधी भेटले नाही," मी माझ्या इंग्रजीत म्हटलं. "पण आमच्याकडे श्राद्धाला जेवलेला माणूस घरचा होतो. तेव्हा आजपासून मी तुमची आणि तुम्ही माझे. इलाज नाही." सगळे हसले, शेजारच्या आजीबाईंनी माझा हात दाबला, आणि मला आमच्या यांची इतकी आठवण आली की मी पटकन बसले.

सनीव्हेलला उतरले तेव्हा पाच वाजून गेले होते. गाडीला उशीर झाला म्हणून सांगता आलं असतं. गाडीवर ढकललेलं कुणीही मान्य करतं, आणि तिशीतल्या मला तर त्यात पदवी होती. मुलगी आणि नात फलाटावरच उभ्या.

"पाच दहा," मुलगी म्हणाली.

"हो. गाडीचा काही दोष नाही. मी जेवत बसले. हरले."

तिचा चेहरा उतरला. हे मला अपेक्षित नव्हतं. मला वाटलं होतं तिला आनंद होईल. "मग... मॉरिसव्हिल?"

"नाही."

"ग्रँडमा, दॅट्स चीटिंग!" नात ओरडली.

"आहेच," मी म्हटलं. "पैज मी हरले, ते कबूल. पण घर पैजेला लावायला नको होतं, ती माझी चूक. ती मी दुरुस्त करतेय. तुझ्या मामाला फोन लाव."

तिने लावला. मुलगा कॅलेंडर उघडून बसलेलाच असावा. "आई, सो? नेक्स्ट मंथची तिकिटं बघू?"

"ऐक. मी चारला पोचले नाही. पाच वाजले. एका परक्या बाईच्या श्राद्धाला जेवत होते आणि पान टाकून उठवेना. पुढेही असं होईल. कधी पाच वाजतील, कधी सहा. मी चुकीच्या गाडीतही बसेन. पण घर सोडणार नाही. उशीर झाला तर फोन करेन, रोज रात्री तुम्हा दोघांना मेसेज टाकेन, जिना चढवेनासा झाला की मीच सांगेन. ते मला सांगू दे."

"आई, पण आपलं ठरलं होतं..."

"ठरलं होतं. तुझ्या आईने शब्द मोडला. रागव हवं तर."

तो रागावला. चांगला पाच मिनिटं रागावला, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, आणि मी फलाटावर उभी राहून सगळं ऐकून घेतलं, कारण तेवढा त्याचा हक्क होता. बोलून दमल्यावर म्हणाला, "आणि समज, रात्री पडलीस तर?"

"तर पडेन, आणि तुझी बहीण पंधरा मिनिटांत येईल. तिच्याकडे किल्ली आहे."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिच्याकडे किल्ली नव्हती. सहा वर्षं ती मागत होती आणि मी देत नव्हते, उगाच कुणी न विचारता आत यायला नको म्हणून. मी पर्समधून जुडगा काढला, त्यातली एक किल्ली नखाने ओढून ओढून सोडवली आणि तिच्या हातावर ठेवली.

"आहे," मुलगी फोनमध्ये म्हणाली. "माझ्याकडे आहे, दादा."