खालच्या थरातले टोस्ट
घाटकोपरच्या आमच्या बेकरीवाल्याने मला फसवलं. ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची दिवाळी. बायका घरचं पीठ-तूप घेऊन नानकटाई भाजायला भट्टीपाशी जमलेल्या. मी मात्र बदामाची इटालियन बिस्किटं करत होते, एकदा भाजून, काप करून पुन्हा भाजायची. संध्याकाळी पार्ल्याचा दुकानदार चव घेणार होता. आवडली तर माझा धंदा सुरू. "दोनदा भाजायचं म्हणजे टोस्टच की, ताई!" बेकरीवाला हसला. "तुमच्या टोस्टात बदाम असतात का हो?" मी सुनावलं. तो साजूक तुपाऐवजी वनस्पती तूप घालेल म्हणून पीठ मळून होईपर्यंत मी नजर हलवली नाही. दुसऱ्या भाजणीला मात्र धुराने डोळे चुरचुरले आणि मी बाहेर जाऊन बसले. डबा त्यानेच भरून दिला. पार्ल्याला दुकानदाराने वरचं बिस्कीट खाऊन मान डोलावली, मग डब्यात खालच्या थराला हात घातला. शिळ्या पावाचे टोस्ट! "बाई, मला येडा समजता?" त्याने डबा परत सरकवला. मी येऊन बेकरी डोक्यावर घेतली, तर हा म्हणतो, "दिवाळीच्या गर्दीत अदलाबदल होते, ताई." आज तिथूनच जाताना भाजल्या बदामाचा तोच वास आला. बरणीवर चिठ्ठी होती, 'आमची खास इटालियन बिस्किटं'. गल्ल्यावर आता त्याचा मुलगा बसतो. त्याने मला तोंडावर सांगावं, आमची म्हणजे कुणाची?