बसमधलं हेल्मेट

पुण्यात दुचाकीवर हेल्मेट घाला म्हटलं की लोक भांडायला उठतात. त्याच शहरात मी बसमध्ये हेल्मेट घालून बसते.

मी ऑटिस्टिक आहे, हे मला पस्तिशीत कळलं. त्याआधी घरचे ‘विक्षिप्त’ म्हणायचे. डॉक्टरांनी शब्द बदलला. कात्रजहून मार्केट यार्डला कामावर जाताना हॉर्न, ब्रेकची किंचाळी, कुणाच्या तरी मोबाईलवरचा व्हिडिओ, सगळं एकदम डोक्यात घुसायचं. मग मी मध्येच उतरायचे, एखाद्या बंद दुकानाच्या पायरीवर डोळे मिटून बसायचे आणि कामावर उशिरा पोचायचे.

एकदा दादाने त्याचं हेल्मेट पट्टा बदलायला माझ्याकडे दिलं. बसमध्ये उभं राहावं लागलं, दोन्ही हात अडकले, म्हणून ते डोक्यात घातलं. अख्खं पुणं दोन खोल्या पलीकडे गेल्यासारखं वाटलं. त्या दिवशी मी थेट मार्केट यार्डला उतरले. पट्टा बदलला, पण हेल्मेट परत केलं नाही. दादाही सुटल्यासारखाच वाटला.

काही दिवसांनी कंडक्टरबाईंनी विचारलंच, “ताई, गाडी उलटायची हाय का? आमच्या डायवरवर एवढा अविश्वास?”

मला टोमणा कळायला वेळ लागतो. प्रश्न आला की मी उत्तर देते. “अविश्वास नाही. चांगले चालवतात. ब्रेक फक्त उशिरा लावतात.”

सगळी बस हसली. ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या सिग्नलला इतक्या आधी ब्रेक लावला की मागचा रिक्षावाला शिव्या देऊ लागला.

शेजारचे आजोबा म्हणाले, “अहो, काच तरी वर करा, चेहरा दिसू दे.”

“म्हणूनच खाली आहे,” मी म्हटलं.

मी एका मसाल्याच्या व्यापाऱ्याकडे बिलं करते. एके दिवशी तिथे फोन वाजत होते, दारात ट्रक मागे येत होता आणि दोन हमाल जागेवरून भांडत होते. मी टेबलावरच हेल्मेट चढवलं आणि काम चालू ठेवलं. नेमके शेठ गिऱ्हाईक घेऊन आले.

गिऱ्हाईकाने वर पाहिलं. “छत पडतंय का?”

शेठनी त्याला चहाला पिटाळलं आणि माझ्यासमोर बसले. ऑटिझम, आवाज, हेल्मेट, घरी आरशासमोर घोकलेलं सगळं मी एका दमात सांगून टाकलं.

“म्हणजे जास्त ऐकू येतं?”

“सगळं सारखंच ऐकू येतं. तुमचं बोलणं आणि पंख्याची घरघर, एकाच मापात.”

“नशीब माझं,” शेठ म्हणाले. “आमच्या घरी फक्त पंख्याचं ऐकतात.”

मी हसले नाही. संध्याकाळी घरी पोळ्या लाटताना तो विनोद होता हे लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी पाहते तर माझं टेबल जागेवर नाही. नोकरी गेली, आईला काय सांगायचं, एवढंच सुचत होतं.

“तिथे काय उभी राहिलीस? आत जा!” शेठ गल्ल्यावरून ओरडले.

टेबल मागच्या खोलीत होतं, धण्याच्या पोत्यांआड. फोन घ्यायचं काम दुसऱ्याकडे दिलं होतं. मी पोत्याला टेकून थोडा वेळ रडले, मग कामाला लागले. दुपारी शेठ दारात आले, बोलायला तोंड उघडलं आणि तसेच परत गेले. लगेच मोबाईलवर त्यांचा निरोप आला, “चहा?”