पाठीमागचे स्पीकर आणि बाबांचे कान

आमची खोली लूमच्या शेडला लागून होती. मधे एकच भिंत. पलीकडे पावरलूम चालू झाले की आमच्या फळीवरचे स्टीलचे पेले आपोआप सरकत कडेला यायचे. माय कांड्या भरत बसलेली असायची, म्हणजे धोट्यात बसवायच्या लहान रिळांवर सूत गुंडाळत. मधेच उठून ती पेले हाताने आत लोटायची आणि परत बसायची. बाबा शेडमध्ये दुसऱ्याच्या लूमवर उभे, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. मंदी आली की शेड बंद. मग पेले जागच्या जागी राहायचे आणि चूलही थंड राहायची. त्यामुळे घरात फार शांत झालं की मला अजून भीती वाटते.

त्याच खटखटीत मी शिकले. याचं भांडवल करत नाही, पण लपवतही नाही. आईकडच्या आणि बापाकडच्या दोन्ही घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केली, मग बी.एड., मग धूलकोटला शाळेत लागले.

शेडमध्ये बोललेलं ऐकू येत नाही. माणसं ओठ बघून आणि हातांनी बोलतात. दोन बोटांची कात्री म्हणजे धागा तुटला, उघडा पंजा म्हणजे लूम बंद कर. आम्ही भावंडं हे जेवताना-खाताना शिकलो. घरातही बाबा मीठ हातानेच मागायचे.

मी दहावीत असताना बाबांच्या जोडीदाराच्या लूमवरचा धोटा उडाला. दोघं पाठीला पाठ करून काम करायचे. सूत घेऊन लूममध्ये इकडून तिकडे धावणारा हा धोटा लाकडी असतो, टोकाला लोखंडी अणी असते. ती त्याच्या कानशिलात बसली. तो ओरडला असणार, पण बाबांना काही ऐकू आलं नाही. त्यांनी सहज वळून पाहिलं तेव्हा तो खाली पडला होता आणि त्याचा लूम रिकामाच चालू होता. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला.

पुढे ती शेड विकली गेली. आम्ही दुसऱ्या मोहल्ल्यात आलो. इथे आसपास एकही लूम नाही. बाबांचे कान तोवर कामातून गेले होते, कानाशी जाऊन ओरडावं लागायचं. पण भर दुपारी ते खाटेवर उठून बसायचे आणि मायला म्हणायचे, "जाऊन बघ बरं, लूम चालू सोडला कोणी." माय बिचारी खरंच दारापर्यंत जाऊन यायची.

डॉक्टरने समजावलं की आवाजाने कानाच्या नसा झिजतात, मग कान आपणहून आवाज काढत बसतो. मी मान डोलावली. हे मी मुलांना शिकवू शकले असते. बाबांनी मात्र मानलं नाही. माझ्या लूमचा आवाज असता तर मानलं असतं, म्हणाले. हा त्या जोडीदाराच्या लूमचा आहे. त्याचा ठोका लंगडत पडायचा, तसाच पडतो. कानाचं मशीन आणलं तर त्यातून तो लूमच मोठा ऐकू येतो म्हणाले, आणि मशीन डब्यात गेलं.

मग मी गाडी घेतली. जुनी होती, पण माझ्या पगाराची होती. आधीचा मालक तरणा पोरगा. त्याने कंपनीचा रेडिओ काढून मोठी स्क्रीन बसवली होती, आणि पाठीमागच्या काचेखालच्या फळीत दोन लांबट स्पीकर. पहिल्याच दिवशी बाबा मागच्या सीटवर बसले, डोकं मागे टेकवलं. रेडिओचं जळगाव स्टेशन लागलं होतं. कोणी माणूस केळीवरच्या करपा रोगाबद्दल बोलत होता. बहादरपूर गाव येईपर्यंत बाबा हलले नाहीत. उतरताना म्हणाले, "हा माणूस बोलतो तेवढा वेळ लूम थांबतो."

त्यानंतर शाळेतून आले की रोज संध्याकाळी बहादरपूर आणि परत. बाबांना गाणी नको असायची. बोलणारा माणूस पाहिजे. भाव सांगो, हवामान सांगो, काही चालेल. दोन्ही बाजूंनी केळीचे मळे, आणि मागे बाबा आपल्याशीच हुंकार देत बसलेले. दुपारचं उठून बसणं कमी झालं होतं.

उन्हाळ्यात ती स्क्रीन अडकायला लागली आणि एके दिवशी काळी पडली. गाडीसोबत कंपनीचा जुना रेडिओ पिशवीत मिळाला होता. धाकटा भाऊ गाडी दुकानात घेऊन गेला, तोच रेडिओ परत बसवून आणला. मी चालवून पाहिलं, छान वाजत होता. रोजचा फेरा पुन्हा सुरू झाला. पण बाबा हुंकार देईनात. मग यायलाच नाही म्हणायला लागले. दुपारी पुन्हा उठून बसू लागले, आता मायला न सांगता स्वतः भिंतीला हात लावून बघायचे.

माय एकदा पीठ मळता मळता बोलून गेली. "तुझ्या बाबांचे कान पुरे गेले, बाई. म्हणे आता माणसाचा आवाज संपला, तो लूमच राहिला. तुला सांगू नको म्हणे."

कधीपासून, मी विचारलं. तिने आठवून जो आठवडा सांगितला, तो रेडिओ बदलला तोच होता.

माझ्या गाडीत मी कधी मागे बसलेच नव्हते. भावाला चालवायला लावलं आणि बाबांच्या जागी बसून डोकं टेकवलं. पुढच्या स्पीकरमधून बाई बातम्या सांगत होती. डोक्याशी ते दोन स्पीकर मुके. फळीतून इंजिनाची थरथर तेवढी मानेत येत होती, ठोक्याठोक्याने. मी डोळे मिटले आणि मला आमची जुनी भिंत आठवली. भावाला गाडी थांबवायला सांगितलं.

दुकानदाराने फोनवर सांगितलं की स्पीकर जुने होते, गेले असतील, नवे टाका. दोन्ही एकाच दिवशी कसे गेले, असं विचारलं तर त्याने नव्यांचा भाव सांगितला. भाऊ म्हणाला, "छोड ना ताई, टाकून देऊ नवे. तू मास्तरीण आहे, मिस्त्री नाही."

"आणि बी.एस्सी. काय भिंतीवर लावायला केली?"

रविवारी सकाळी गाडी अंगणात उभी केली. आधी रेडिओची सेटिंग पाहिली. पुढच्या-मागच्या आवाजाचा तोल मधोमध होता, तिथे गडबड नव्हती. मग डॅशबोर्डची पट्टी काढून रेडिओ बाहेर ओढला. त्याच्या प्लगमध्ये मागच्या स्पीकरसाठी चार वायर असतात. त्या निघत होत्या, पण वीतभर जाऊन टेपमध्ये संपत होत्या. पुढे काही नाही.

स्पीकरकडून येणाऱ्या वायर शोधत गेले तर त्या पुढच्या सीटखाली एका चपट्या डब्यात शिरत होत्या. आवाज वाढवायचा डबा, त्या पोराने बसवलेला. त्याचा दिवा बंद होता. त्यातून निघालेली एक निळी वायर स्क्रीनपर्यंत जायची. स्क्रीन चालू झाली की तिच्यातून डब्याला जाग यायची. कंपनीच्या रेडिओला ती वायर नाहीच. म्हणजे स्क्रीन निघाली त्या दिवसापासून डबा झोपला होता आणि स्पीकर त्याच्या भरवशावर होते.

एवढं झालं तरी स्पीकर खरंच जिवंत आहेत का, ते बघायचं होतं. त्याला सोपी रीत आहे. डब्यातून वायर सोडवायच्या आणि घड्याळातला पेन्सिल सेल क्षणभर टेकवायचा. स्पीकर चांगला असेल तर खट् करतो. तो खट् त्यांच्यापर्यंत पोचतो का ते बघायला मला बाबांना मागे बसवायचं होतं. ते येईनात. मायने हाताला धरून आणलं, तेव्हा बसले, डोकं टेकवलं, नजर समोर. मी खाली वाकलेली, त्यांना दिसत नव्हते.

सेल टेकवला. खट्.

बाबांचा डावा हात वर गेला.

त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. थोडं थांबून पुन्हा टेकवला. पुन्हा डावा हात. मग दुसऱ्या स्पीकरच्या वायरला लावला, तेव्हा उजवा. शेडमध्ये जोडीदाराला खूण करावी तसे त्यांचे हात उठत होते. मी मुद्दाम बराच वेळ काहीच केलं नाही. हात खालीच राहिले.

बाबा एकदम मोठ्याने बोलले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. "हा त्याचा नाही. हा बाहेरचा आहे."

माय दारात उभी राहून पदर तोंडाला लावत होती. भाऊ टॉर्च धरून होता.

पुढचं काम फार नव्हतं. डबा काढून टाकला. रेडिओच्या चार वायर स्पीकरच्या चार वायरींना जोडल्या, पट्टेवाली कोणती आणि साधी कोणती ते दोनदा बघून, कारण एका बाजूला उलटं जोडलं तर आवाज पोकळ येतो. रेडिओ जागेवर सरकवला आणि जळगाव लावलं. कापसाच्या बोंडअळीवर कोणी बोलत होता.

बाबांनी डोकं अजून मागे दाबलं. मग त्या माणसाचं एकेक वाक्य त्याच्या मागोमाग म्हणू लागले, शब्द चुकत, मधले गाळत, पण त्याचंच. मी कानाशी जाऊन विचारलं, लूम थांबला का.

"हा बोलतो तोवर," बाबा म्हणाले. "तोवर तो पण उभा राहून ऐकतो."

कोण, हे मी विचारलं नाही.

संध्याकाळी आम्ही बहादरपूरला जाऊन आलो. पाठीमागचे दोन्ही स्पीकर वाजत होते. बाबांना माणसाचा आवाज परत ऐकू येत होता, आणि तो मी आणून दिला होता.